मराठवाड्यातला टेनिस क्लब: ऊन, उकाडा आणि वीज सांभाळायची कशी

मेचा दुसरा आठवडा, सकाळचे सव्वाआठ. दुहेरीचा तिसरा सेट रंगात आला होता. ३०-३० झाले आणि आमचे सर डाव्या बाजूने सर्व्हिस करायला उभे राहिले. सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. पासष्टी ओलांडली तरी त्यांच्याइतका चोख स्कोअर क्लबात कुणी ठेवत नाही. "सर, उजवीकडून," आम्ही म्हणालो. ते चिडले, "मला शिकवता का?" सर एरवी कधी चिडत नाहीत. आम्ही तिघे हसलो आणि तो पॉइंट तसाच खेळलो. पुढच्या पॉइंटला ते आलेल्या चेंडूकडे नुसते बघत राहिले आणि बेसलाइनवरच खाली बसले.

आम्ही काय केले? लिंबू सरबत त्यांच्या तोंडाला लावले, वर्तमानपत्राने वारा घातला आणि "बरं वाटेल आता" म्हणत दहा मिनिटे घालवली. नशीब थोर, दोन दिवस दवाखान्यात काढून सर घरी आले. मला मात्र ते हसणे अजून टोचते. ३०-३० ला बाजू चुकणे हीच पहिली खूण होती आणि ती ओळखण्याच्या स्थितीत आमच्यातला एकही जण नव्हता. आम्ही सगळेच दीड तास उन्हात तापलेले, त्यात सेट ५-५.

त्या वर्षापासून आमच्या क्लबात एकच नियम पक्का आहे: खेळ थांबवायचा की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचे नाही. खाली जे लिहिले आहे ते हा नियम रोजच्या व्यवहारात कसा चालवायचा याबद्दल आहे. आमचा क्लब लहान आहे, एक सिंथेटिक कोर्ट आणि एक मुरमाचे. तुमचा मोठा असला तरी ऊन तेच आहे.

मोजायचे ते कोर्टावर

बातम्यांमधला आकडा हवामान खात्याच्या वेधशाळेतला असतो. तिथला थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीत टांगलेला असतो. आपण खेळतो ते उघड्यावर, तापलेल्या डांबरावर चढवलेल्या रंगावर. हवा ४२ असेल तेव्हा दुपारी गडद हिरव्या हार्ड, म्हणजेच सिंथेटिक, कोर्टाचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो आणि ती उष्णता पायाखालून अंगावर येते.

दुसरा घोळ "आज लाट नाही" या वाक्याचा. सपाट भागात कमाल तापमान निदान ४० आणि शिवाय सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असेल, किंवा ते थेट ४५ वर गेले, तर हवामान खाते उष्णतेची लाट म्हणते. परभणी-नांदेडकडे मेमध्ये चाळिशी ही सरासरीतच बसते. म्हणजे ४२ अंशांचा दिवस खात्याच्या हिशेबात लाट नसूही शकतो, आणि तरी त्यात दोन सेट खेळणे शहाणपणाचे नसते. अलर्ट आला की नक्की थांबा, पण अलर्ट नाही म्हणून खेळायला निघू नका.

तिसरी गोष्ट मला माठाने शिकवली. एप्रिलमध्ये क्लबातल्या माठातले पाणी दात शिवशिवतील इतके गार असते. रोहिणी संपत येतात, आभाळ भरते, तापमान ३५-३६ वर उतरते, लोक म्हणतात "आज बरंय", आणि त्याच दिवशी माठातले पाणी कोमट लागते. माठ गार होतो तो पाझरलेले पाणी वाळल्यामुळे. आपले अंगही घाम वाळल्यामुळेच गार होते. हवेत दमटपणा भरला की माठाचे पाणी वाळत नाही आणि आपला घामही नाही, तो नुसता ओघळतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे चक्कर आल्याच्या नोंदी मेइतक्याच आहेत, त्याचे कारण हे.

हे सगळे एका आकड्यात पकडणारे माप जगभर वापरतात, त्याला डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) म्हणतात. तीन थर्मामीटर लागतात. एक साधा, सावलीत टांगलेला. दुसऱ्याच्या बुडाला ओले मलमल गुंडाळलेले. तिसरा काळ्या गोळ्यात बसवलेला, तो ऊन आणि कोर्टाची धग दोन्ही शोषतो. हिशेब सोपा: ओल्याचा आकडा गुणिले ०.७, काळ्या गोळ्याचा गुणिले ०.२, साध्याचा गुणिले ०.१, आणि तिन्हींची बेरीज.

एप्रिलची कोरडी दुपार घ्या. हवा ४२, ओला थर्मामीटर २१, गोळा ५५. बेरीज १४.७ अधिक ११ अधिक ४.२, म्हणजे २९.९. आता जूनमधली उकाड्याची वेळ: हवा ३५, ओला २८, गोळा ४५. बेरीज १९.६ अधिक ९ अधिक ३.५, म्हणजे ३२.१. थर्मामीटर सात अंशांनी उतरला, धोका दोन अंशांनी चढला. हे गणित सरांनी फळ्यावर मांडून दाखवले तेव्हा कार्यकारिणीत कुणी वाद घातला नाही.

हातात धरायचे तयार मीटर मिळते, क्लबाने वर्गणी काढून घ्यावे. ते येईपर्यंत घरगुती जुगाड चालते: बॉल व्हॉल्व्हचा जुना तांब्याचा गोळा, त्याला चकाकी नसलेला काळा रंग आणि आत रबरी बुचातून बसवलेला थर्मामीटर. प्रमाण गोळा १५ सेंटीमीटर व्यासाचा असतो, तुमचा लहान असेल तर आकडा थोडा कमी दाखवेल, तेवढे गृहीत धरा. गोळा आणि ओला थर्मामीटर कोर्टाच्या कडेला, उन्हा-वाऱ्यात, साधारण कंबरेच्या उंचीवर ठेवा. गोळा स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, लगेच वाचू नका. मलमल रोज धुवा. आमच्याकडच्या जड पाण्याने ते आठवड्यात कडक होते आणि मग ओले धरत नाही.

रेघ कुठे ओढायची, आणि ती कोण ओढणार

विम्बल्डनमध्ये डब्ल्यूबीजीटी ३०.१ वर गेला की दहा मिनिटांच्या विश्रांतीचा नियम लागू होतो. पुरुषांच्या एटीपी या व्यावसायिक स्पर्धांच्या दौऱ्यावर २०२६ पासून ३०.१ ला विश्रांती आणि ३२.२ च्या वर खेळ स्थगित, असे आहे. ऑस्ट्रेलियन ओपनने २०१९ पासून १ ते ५ अशी स्वतःची मोजपट्टी आणली, पाचवर खेळ थांबतो. हे नियम चोवीस तास डॉक्टर आणि बर्फाचे टब हाताशी असलेल्या तंदुरुस्त व्यावसायिकांसाठी आहेत. आपल्याकडे साखर आणि बीपीची गोळी घेऊन येणारे पन्नाशीतले खेळाडू आणि दहा वर्षांची मुले आहेत, तेव्हा आपली रेघ त्यांच्याहून सैल असता कामा नये.

आम्ही अशी ठरवली: २८ पर्यंत नेहमीसारखे. २८ ते ३० मध्ये बाजू बदलताना नव्वद सेकंदांऐवजी तीन मिनिटे, आणि मुलांना दर पंधरा मिनिटांनी सावली. ३०.१ ला एकेरी बंद, मुलांची बॅच बंद, साठीपुढचे सभासद खुर्चीवर. दुहेरी चालू, पण प्रत्येक सेटनंतर दहा मिनिटे सावलीत. ३२.२ ला सगळे बंद, भिंतीवर मारायचा सरावसुद्धा. ३०.१ आणि ३२.२ हे आकडे बाहेरचे, बाकीचा तपशील आमचा. तुम्ही आणखी कडक केलात तर उत्तमच.

आता अवघड भाग. आकडा दिसला तरी "बंद" कोण म्हणणार? पहिल्या वर्षी आम्ही ते मार्करवर, म्हणजे चेंडू टाकून सराव देणाऱ्या क्लबाच्या माणसावर, सोपवले आणि ती आमची मोठी चूक होती. पगारी मार्करने एखाद्या डॉक्टरसाहेबांना किंवा वकीलसाहेबांना, तेही ४-५ वर असताना, "साहेब, रॅकेट ठेवा" म्हणायचे? तो म्हणत नाही. त्याने म्हणावे ही अपेक्षाही बरी नाही. आता दर दिवसाचा एक जबाबदार सभासद ठरलेला असतो. त्या तासाला तो स्वतः खेळत नाही. आकडा रेघ ओलांडून गेला की तो नेटच्या खांबाला लाल फडके बांधतो, आणि ते बांधल्यावर वाद नाही. "हा एक गेम" नाही, "टायब्रेक तेवढा" नाही. हे सर्वसाधारण सभेत ठराव म्हणून मंजूर करून घ्या, नाहीतर जून उजाडेपर्यंत फडके कपाटात जाते. मंगळवार आणि शुक्रवार आमचे सर जबाबदार असतात. त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाची टाप नाही.

वेळापत्रक आणि कोर्ट

मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य दहा मिनिटे कमी सहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी वीसेक मिनिटे चेंडू दिसण्याइतका उजेड असतो. याच दिवसांत कुठे दुसऱ्या, कुठे तिसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्हीला सूर्य अक्षरशः डोक्यावर. पाऊणे-सहाला सुरू करून साडेसातला संपवणे हे एकच वेळापत्रक मला खरे वाटते. आठ ते नऊची बॅच काढून टाका. तिची फी बुडेल, बुडू द्या.

संध्याकाळ फसवी असते. सूर्य सातच्या आसपास मावळतो, पण हार्ड कोर्ट दिवसभर प्यालेली उष्णता त्यानंतर तासभर तरी सोडत राहते. तळहात दहा सेकंद कोर्टावर ठेवून बघा. ठेववत नसेल तर मुलांना आत सोडू नका. मुरमाचे कोर्ट लवकर निवते, म्हणून उन्हाळ्यात मुले मुरमावर आणि मोठे सिंथेटिकवर अशी अदलाबदल आम्ही केली. मुरमाच्या कोर्टावर पाणी रात्री मारावे. खेळायच्या अर्धा तास आधी मारले तर कोर्ट गार वाटते, पण वर वाफ धरते. आणि पाण्याचे म्हणाल तर ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे कोर्टावर पिण्याचे पाणी ओतायला हात धजत नाही. आम्ही आरओ मशीनचे वाया जाणारे पाणी ड्रममध्ये साठवतो आणि तेच शिंपडतो.

कुंपणावरचे हिरवे कापड मार्च संपता संपता खाली उतरवा, निदान पश्चिमेचे आणि वाऱ्याच्या बाजूचे. चेंडू नीट दिसावा म्हणून ते लावलेले असते, पण ते वारा अडवते आणि कोर्टाची भट्टी होते. वळवाच्या वादळात तेच कापड शिडासारखे फुगून खांब वाकवते, उतरवले की तेही टळते, हा दुसरा फायदा. त्याच कापडाचा मांडव बसायच्या जागेवर टाका. सावली पत्र्याची असेल तर पत्र्याखाली वाळ्याचे तट्टे किंवा निदान गोणपाट बांधा, कारण नुसता पत्रा वरून तापतो आणि खाली धग सोडतो. पंखा असेल तर आधी अंग ओले करून मग त्याच्यासमोर बसा. ४२ अंशांची कोरडी हवा कोरड्या अंगावर घेणे म्हणजे झळा विकत घेणे.

स्पर्धा भरवत असाल तर ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत न्या. वेळापत्रक वरून आले आणि उन्हाळ्यातच घ्यावी लागली, तर नो-अॅड स्कोअरिंग (४०-४० झाले की एकच निर्णायक पॉइंट) आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा टायब्रेक ठेवा. दोन्ही नियमात बसतात.

अंगाला सवय लावणे

उन्हाची सवय होते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातले मीठ कमी होते, नाडी ताब्यात राहते. पहिले तीन-चार दिवस अर्धा तास, मग हळूहळू वाढवा. आमच्याकडे सर्वांत जास्त त्रास कुणाला होतो? पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा, सुट्टीला घरी आलेला वीस वर्षांचा पोरगा. तो आल्या दिवशी तीन सेट खेळतो. पन्नाशीतले लोक त्याच्या मानाने सुखरूप असतात, कारण ते फेब्रुवारीपासून रोज येतात.

उन्हाळी शिबिराचेही तेच. मुले परीक्षेमुळे दोन महिने घरात असतात आणि पहिल्याच दिवशी दोन तास कोर्टावर. पहिला आठवडा चाळीस मिनिटांचा ठेवा आणि पालकांना तसे लेखी कळवा, म्हणजे "फी दोन तासांची घेतली" हा प्रश्न येणार नाही.

लग्नसराईत आणखी एक बघा. रात्री वरातीत नाचलेला, दोन वाजता झोपलेला, त्यातून थोडी घेतलेला माणूस सकाळी सहाला हजर असतो. त्या दिवशी त्याला खेळू देऊ नका. ताप, जुलाब, उन्हाळी लागलेली असेल तरी तेच. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, आणि सर्दीच्या काही गोळ्या उन्हात शरीराचे गणित बिघडवतात. त्या परस्पर बंद करू नका, मार्चमध्येच डॉक्टरांना "मी उन्हात टेनिस खेळतो" असे सांगून विचारा.

आणि ज्यांचा विचार क्लब सर्वांत शेवटी करतो, त्यांचा आधी करा. सभासद दीड तास खेळून घरी जातो. मार्कर सलग तीन बॅचना चेंडू टाकतो. मग माळीदादा दहा वाजता रोलर ओढतात. चेंडू वेचणारी मुले असतील तर ती मध्ये सावलीतही येत नाहीत. रोलर आणि झाडू सूर्योदयाआधी किंवा दिवेलागणीला, मार्करला दर बॅचनंतर वीस मिनिटे सक्तीची बसण्याची वेळ, आणि सुट्टी पगारी. लाल फडके बांधले की त्या दिवसाचे त्याचे पैसे कापले जातात असे असेल, तर त्याला ते फडके शत्रूच वाटणार.

पाणी, मीठ, बर्फ

खेळण्याआधी आणि नंतर वजन करा. कमी झालेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. जे मधे प्यालात ते त्यात मिळवा. आमच्या क्लबात तासाला पाऊण लिटर घाम येणारेही निघाले आणि दोन लिटरवालेही, त्यामुळे "सगळ्यांनी इतके प्या" या सल्ल्यात अर्थ नाही. वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटू नये, आणि वाढू तर मुळीच नये. नुसते पाणी भसाभसा पिऊन वजन वाढवणे म्हणजे रक्तातले मीठ पातळ करणे, तेही जिवावर बेतते. दर बाजूबदलाला चार-पाच घोट ही बहुतेकांना पुरणारी सवय.

तासापेक्षा जास्त खेळ असेल तर मीठ हवे. क्लबात ताक ठेवा, जिरे-मीठ घातलेले, किंवा मीठ नीट पडलेले पन्हे. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने नको. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानातल्या रंगीत गोड डब्यांना ओआरएस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांना हे नाव लावायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच फसगतीमुळे. खिशातल्या कांद्याला माझी हरकत नाही, पण तो पाण्याच्या बाटलीऐवजी नको.

ओला गमछा मानेवर टाकणे एप्रिलमध्ये छान काम करते, जूनमध्ये माठासारखेच नापास होते. तेव्हा बर्फ लागतो. बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी फोडून थर्माकोलच्या पेटीत भरा. त्यातला काही बर्फ पंचात गुंडाळून मानेवर ठेवायला. उरलेल्याला हात लावायचा नाही, तो पुढच्या कामासाठी आहे.

कुणी कोसळला तर

पेटके, डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, पण माणूस शुद्धीत आणि नीट बोलतो आहे: सावलीत आडवा करा, पाय वर, बूट-मोजे काढा, अंगावर ओले पंचे, ओआरएस घोट घोट. त्या दिवशी पुन्हा कोर्टावर नाही, कितीही बरे वाटले तरी.

बोलणे किंवा वागणे बिघडले, की तो उष्माघात धरून चाला. टेनिसमध्ये याच्या खुणा आयत्या मिळतात: स्कोअर विसरणे, चुकीच्या बाजूला उभे राहणे, आउट चेंडूवरून न शोभणारे भांडण, चालताना झोकांडी. आम्ही आता विचारतो, "स्कोअर किती? सर्व्हिस कुणाची? मागचा गेम कुणी घेतला?" दोन उत्तरे चुकली की पुढची कामे लगेच सुरू. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत डोक्यातून काढा. खेळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका. आत ४० च्या वर असताना काख साधा ताप दाखवते.

अशा वेळी नियम एकच: आधी थंड करा, मग हलवा. एकाने १०८ लावायचा, त्याच क्षणी बाकीच्यांनी थंड करायला लागायचे. रुग्णवाहिका यायची वाट पाहत नुसते बसणे, किंवा गाडीत घालून दवाखान्याकडे पळणे, यात जातो तो वेळ सर्वांत मोलाचा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर उतरवले तर माणूस वाचण्याची शक्यता फार चांगली असते.

टब नसला तरी ताडपत्री मराठवाड्यात कुठे मिळत नाही? दहा बाय बारा फुटांची एक क्लबात ठेवा. माणसाला तिच्या मधोमध निजवा. चार-पाच जणांनी कडा धरून उचला, झोळी होईल. तिच्यात ड्रमचे शंभरेक लिटर पाणी आणि पेटीतला सगळा बर्फ ओता, आणि कडा आळीपाळीने वर-खाली करत पाणी अंगावरून हलत राहील असे करा. एकाने फक्त डोके धरायचे, तोंड-नाक पाण्याच्या वर. दहा ते पंधरा मिनिटे. तो कुडकुडायला लागला आणि नीट बोलू लागला की बाहेर काढा. बर्फ कमी असेल तर नुसत्या पाण्याने करा, पण करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात थेंबही घालू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, हा ताप वेगळा. मधुमेही असेल तर बोटाची साखर तपासा, साखर उतरल्यावरही माणूस असाच बरळतो. छातीत दुखते म्हणाला तर उन्हाचा विचार बाजूला ठेवून हृदयविकार धरून चाला, आणि शुद्ध जाऊन श्वासच थांबला तर थेट छाती दाबायला लागा.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी हे एकदा करून बघा. आमच्या पहिल्या सरावात ताडपत्री सापडायला सहा मिनिटे गेली, कारण ती कुणीतरी हरभरा वाळवायला घरी नेली होती. आता ती नेटच्या खोलीत खिळ्याला असते आणि तिच्यावर लाल रंगात "नेऊ नये" लिहिले आहे. भारनियमनात बोअर बंद असते, म्हणून ड्रम कायम भरलेला. दर दोन दिवसांनी त्यातले पाणी कडुनिंबाच्या रोपांना जाते आणि नवे भरले जाते, वाया काही जात नाही.

वळीव, वारा, वीज

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चार वाजेपर्यंत तलखी आणि पाचला आभाळ काळे, हे नेहमीचेच. विजेच्या बाबतीत डब्ल्यूबीजीटीसारखा हिशेब नाही, कान पुरेत. लखलखाट दिसला की मोजायला लागा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच कोर्ट रिकामे करा, पावसाचा थेंब पडलेला नसला तरी. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबा. मध्ये पुन्हा गडगडला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी अॅप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात इशारा देते. ते जबाबदार सभासदाच्या फोनमध्ये असलेच पाहिजे. हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचे जिल्हावार इशारे सकाळी बघून दुपारच्या बॅचचा निर्णय घ्या.

जायचे कुठे? पक्क्या भिंतींच्या, वायरिंग आणि नळ असलेल्या खोलीत, आणि आत गेल्यावर त्या नळा-वायरांपासून लांब. खोली नसेल तर काचा लावलेल्या चारचाकीत. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड ही पावसाची सोय आहे, विजेची नाही. कडुनिंबाखाली अजिबात नको. जाळीचे कुंपण, नेटचा खांब, अंपायरची लोखंडी खुर्ची, दिव्याचे खांब यांना टेकू नका. वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने शॉक बसत नाही. तो निपचित असेल तर लगेच छाती दाबणे सुरू करा.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना गारांबद्दल सांगायला नको. वावटळीत गुलमोहराच्या फांद्या काडीसारख्या मोडतात, म्हणून कोर्टावर आलेल्या फांद्या मार्चमध्येच छाटून घ्या. स्पर्धेचे फ्लेक्स संध्याकाळी उतरवा. आणि मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलावून दिव्यांच्या खांबांचे अर्थिंग तपासा, गळती झाल्यास आपोआप वीज तोडणारा ब्रेकर बसवा. ओल्या खांबाला हात लागून झिणझिण्या आल्याचे आमच्या एका सभासदाने गमतीने सांगितले होते. आम्ही त्याच रात्री मेन स्विच बंद केला आणि आठवडाभर दिवे लावले नाहीत.

बुडालेल्या तासाचे पैसे

कोर्टाचे पैसे दिलेला माणूस खेळल्याशिवाय जायला तयार नसतो, मग फडके लाल असो की आभाळ काळे. लाल फडक्याने किंवा विजेने बंद झालेला तास पूर्ण परत, किंवा थंडीत तेवढाच तास फुकट, असे वहीत स्पष्ट लिहा. शिबिराच्या पावतीवर मागच्या बाजूला तेच छापा. गेल्या उन्हाळ्यात आमचे असे एकोणीस तास परत द्यावे लागले. खजिनदार कुरकुरले. मग आम्ही पुढच्या वर्षीच्या वार्षिक वर्गणीत माणशी पन्नास रुपये वाढवले आणि विषय मिटला.